वाघ पायी आला होता

बुलढाणा जिल्ह्यात पायी आलेले पाहुणे म्हटले की मला आधी एक वाघ आठवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून तो २०१९ च्या जूनमध्ये निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे साहेबांचा मुक्काम कुठे आणि कूच कधी, हे वनखात्याला बसल्या जागी कळत होतं. मधेच तेलंगणात आदिलाबादकडे जाऊन आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. तोवर तेराशे किलोमीटरच्या वर चाल झाली होती. २०२० च्या एप्रिलात कॉलर काढली तेव्हा हिशेब तीन हजार किलोमीटरपर्यंत पोचला होता. सरकारी कागदात त्याचं नाव टी-वन-सी-वन. लोकांनी ठेवलेलं नाव ‘वॉकर’.

त्याच जिल्ह्यात मी राहतो. आमच्या गॅलरीतून किराणा दुकान दिसतं. दिसतं म्हणजे दुकानदारानं हात केला तर इथून कळतो. तरी कोथिंबीर आणायची म्हटली की मी आधी गाडीची चावी शोधतो. चावी शोधत घरभर जेवढा फिरतो तेवढ्यात दुकानात दोनदा जाऊन येणं झालं असतं. पण ते फिरणं घरातलं असतं, त्यात इज्जतीचा प्रश्न नसतो.

वाघ एवढा कशासाठी चालला, यावर जाणकारांचं उत्तर साधं होतं : स्वतःची हद्द आणि वाघीण. ज्ञानगंगेत नीलगायी होत्या, रानडुकरं होती, बोथ्याचं जंगल होतं. वाघीण मात्र एकही नव्हती. तेव्हा एखादी आणून सोडावी का, असा विचार वनखात्यात झाला होता. स्थळाच्या शोधात एवढा चाललेला नवरदेव आमच्या समाजात तरी कुणी पाहिलेला नाही. आमच्याकडचे मुलगी बघायला दोन क्रूझर भरून येतात आणि गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून स्थळ नाकारतात.

गंमत बाजूला ठेवा, पण वाघ मॉर्निंग वॉकला निघाला नव्हता. त्याला काम होतं. मला वाटतं सगळी गोम इथंच आहे. कोणताही शहाणा प्राणी काम नसताना चालत नाही. आपणही चालत होतो ते कामापुरतंच. मग एकेक काम कुणीतरी काढून घेतलं आणि आपण बसलो.

काय काय गेलं बघा. दळणाचा डबा डोक्यावर नाहीतर सायकलच्या कॅरिअरवर चक्कीत जायचा. तिथं नंबर लावायचा, पिठानं पांढऱ्या झालेल्या चक्कीवाल्याशी गप्पा मारायच्या, ‘दळलं का’ म्हणून विचारायला आणखी एक चक्कर मारायची. आता घरघंटी स्वयंपाकघरातच घरघरते. टीव्हीचं चॅनेल बदलायला उठावं लागायचं. बहुतेक घरांत त्यासाठी सर्वांत धाकटं पोरगं नेमलेलं असे. शेजाऱ्यांचा फोन आमच्याकडे यायचा, तेव्हा ‘होल्ड करा’ सांगून गल्लीच्या टोकापर्यंत पळायचं आणि शेजारच्या काकूंच्या मागोमाग पुन्हा यायचं. नळाला पाणी आलं की पूर्वी सगळं घर उभं राहायचं. आता खालच्या मोटारीचं बटण दाबून घर पुन्हा बसतं. यातल्या एकाही गोष्टीला त्या काळी व्यायाम म्हणायची पद्धत नव्हती. उलट कटकट म्हणायचे.

कटकट संपली आणि साखर वाढली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि गोळी लिहिता लिहिता म्हणाले, ‘रोज चालत जा.’ कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

बुलढाण्यात पायी चालणं किती अवघड आहे, हे त्या डॉक्टरांना बहुधा माहीत नसावं. ते स्वतः गाडीनं येतात. रस्ते खराब आहेत असं मी म्हणत नाही. अडचण लोकांच्या प्रेमाची आहे. जयस्तंभ चौकातून संगम चौकाकडे मी पायी निघालो की पहिली गाडी शेजारी येऊन हळू होते.

‘काऊन भाऊ, पायी पायी?’

‘असंच.’

‘गाडी बिघडली काय?’

‘नाही, गाडी घरी आहे.’

‘मंग?’

या ‘मंग’चं उत्तर मराठीत नाही. चालायचं म्हणून चालतोय, असं सांगितलं तर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘घरी सगळं बरं हाये ना?’ मग येतो तो हुकूम : ‘बसा मांगं, सोडून देतो.’ नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर तो दुखावतो. ‘आम्ही गाडीवर अन् तुम्ही पायी जाऊन राह्यले, बरं दिसते का?’ शेवटी त्याच्या मनासाठी बसावं लागतं. एकदा तर अशा एका सज्जनानं मला अगदी घरी आणून सोडलं. मी घरून निघालो होतो.

पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर अडचणीत, नाहीतर निवडणुकीला उभा. तिसरी शक्यता आमच्याकडे धरत नाहीत.

आणि कुणाच्या घरी पोचलात की पहिला शब्द ‘बसा’. पाणी नंतर, चहा नंतर. उभ्या उभ्या बोलणारा माणूस उधारी मागायला आलेला असतो, असा समज आहे. बँकेत बसा, तहसीलमध्ये बसा, पानटपरीवर गाडीवरच बसा. स्थिर माणसाबद्दल आमच्या मुलखाला मुळातच आदर आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, त्याभोवती धान्य ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची पाहणी करून पाऊसपाणी, पिकं यांचं भाकीत सांगतात. त्यात पानविड्यावरची सुपारी म्हणजे राजाची गादी. सुपारी जागची हलली नाही, तर राजा कायम. ज्या भागात न हलणं हाच शुभशकुन, तिथं माझ्यासारख्यानं उगाच हालचाल करून अपशकुन कशाला करावा?

खामगाव-जालना रेल्वेचंच घ्या. शंभर वर्षांहून जुनी मागणी. सर्वेक्षणं चालतात, चर्चा चालतात, रेल्वे तेवढी चालत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नसल्यामुळे आम्ही घाट उतरून मलकापूरला जातो, तेही गाडीनंच.

पण मॉर्निंग वॉक सुरू झाला आहे, हे कबूल. पहाटे मैदानाबाहेर मोटारसायकलींची रांग लागते. चालायला सगळे गाडीनं येतात, कारण रस्त्यानं चालत आलं की ‘काऊन भाऊ’ आहेच. मैदानाच्या आत मात्र चालायला समाजाची परवानगी आहे. तिथं चौघे-चौघे आडवी ओळ धरून वरातीच्या चालीनं जातात. विषय रंगला की ओळ थांबते. सोयाबीनचा भाव निघाला की फार वेळ थांबते. दोन चकरा झाल्या की मंडळी बाहेर येतात आणि आलुबोंड्याच्या कढईपाशी त्या चकरांची भरपाई होते. आलुबोंडा मात्र उभ्यानं खातात, एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

आता मनगटावर घड्याळं आली. ती पावलं मोजतात आणि दहा हजार झाली की आनंदानं थरथरतात. हा दहा हजारांचा आकडा कुण्या वैद्यानं नाडी बघून काढला असेल असं मला वाटायचं. तो निघाला १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून. आकडा गोल, लक्षात राहणारा, खपायला सोपा. त्याहून कमी चालण्याचाही चांगला फायदा होतो, असं पुढच्या संशोधनात दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. प्रौढांनी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं घाम फुटेल न फुटेल अशी हालचाल करावी आणि बसून राहणं कमी करावं, एवढंच तिचं म्हणणं. पण आमच्याकडे आकड्याशिवाय समाधान होत नाही. बायकोनं एकदा माझं घड्याळ हातात घालून भाकरी थापल्या. घड्याळानं ती सगळी पावलं म्हणून धरली. त्या दिवशी ती परातीपाशी बसल्या बसल्या माझ्यापेक्षा पुढे होती.

तिच्यासमोर मी एक चूक करता करता थांबलो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आकडे आले : भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. पेपरमधली ही बातमी मी मोठ्यानं वाचायला घेतली आणि ५७ वर आलो, तेव्हा ओट्याकडून आवाज आला, ‘मंग हे घर कोन सावरते, लॅन्सेट?’ पुरुषांचा आकडा वाचून मी पेपरची घडी घातली.

बसणं माणसाला काय करतं, याचा पहिला मोठा पुरावा एका बसमध्ये सापडला, हे एसटीच्या महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत असायला हवं. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटं फाडणारा. रोजच्या पाचशे-सातशे पायऱ्या. खातं एक, डेपो एक, घरची परिस्थिती साधारण सारखी. मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त होतो. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या मापांची नोंदवही काढून बघितली. प्रत्येक वयात ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील, ही शंकाही त्या मापांतूनच निघाली आणि पुढची कित्येक वर्षं ती फेडण्यात गेली. शिंप्याच्या टेपनं एवढं विज्ञान झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

हे कळल्यापासून मी मलकापूरच्या एसटीत कंडक्टरकडे आदरानं बघतो. गाडी राजूर घाटात वळण घेत असते, आत पाय ठेवायला जागा नसते. त्यात हा गृहस्थ मागच्या दारापासून निघतो. एका बाजूच्या सीटला कंबर टेकवतो, गुडघ्यानं कापसाचं गाठोडं सरकवतो, डाव्या हातात मशीन, उजव्या हाताच्या बोटांत नोटांच्या उभ्या घड्या. ‘अर्ध्या किती? पूर्ण किती? सुटे द्या.’ वळण आलं की तो हलत नाही, आपण हलतो. पुढच्या दारापर्यंत पोचला की मोताळ्याचे नवे लोक चढलेले असतात आणि तो पुन्हा मागे निघतो. जिममध्ये असल्या कसरतीचे पैसे घेतात. याला ती ड्युटीत मिळते. मी मात्र चढल्या चढल्या खिडकीवर रुमाल टाकून जागा धरतो.

उभं राहण्यापेक्षा खरी परीक्षा उठण्यात असते. ब्राझीलच्या काही डॉक्टरांनी ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार माणसांना नुसतं जमिनीवर बसून उठायला लावलं. हात, गुडघा टेकवला की एकेक गुण वजा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. २०१२ चा हा अभ्यास. त्यांनी एवढे कष्ट घेण्यापेक्षा विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला यायला हवं होतं. तिथं मोकळ्या शेतात लाखो माणसं मांडी घालून पंगतीला बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येते आणि स्वयंसेवक ओळीओळीनं वाढत जातात. भाजीची चव मी सांगत बसत नाही, ती शेजारच्या जिल्ह्यांनाही माहीत आहे. मला बघायचं असतं ते जेवण झाल्यावर. सत्तरीच्या, नऊवारीतल्या आज्या एक हात पदराला आणि दुसरा नातवाच्या डोक्याला लावून सरळ उठतात. त्यांच्यामागे चाळिशीतले, डायनिंग टेबलावर वाढलेले आम्ही : आधी डावा हात जमिनीला, मग उजवा गुडघा, मग ‘ओ बाप्पा’, मग शेजाऱ्याचा खांदा. ब्राझीलवाल्यांनी ‘ओ बाप्पा’चे किती गुण कापले असते कोण जाणे.

खरं तर या जिल्ह्याला चालणं शिकवावं असं काही नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. महिनाभराची वाट, सातशे किलोमीटरच्या वर, पांढऱ्या कपड्यांतले वारकरी, हातात पताका, रांग अशी की मधून कुत्रं जायचं तर त्यानंही परवानगी मागावी. परतताना पालखी सिंदखेडराजा, मेहकर करत खामगावला येते. शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव या सोळा-सतरा किलोमीटरला तिच्यासोबत कोण चालत नाही ते विचारा. त्यात बँकेचे मॅनेजर असतात, कॉलेजातली पोरं असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मावश्या असतात, एरवी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही म्हणून कोचिंग क्लास बदलणारे पालक असतात. पावसात भिजत चालतात. त्या दिवशी रस्त्यात कुणी गाडी थांबवून ‘काऊन भाऊ, पायी पायी?’ विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं काऊन ते. शेगावात पोचल्यावर स्टेशनजवळच्या गरम कचोऱ्या खाऊन चाललेलं सगळं परत जमा होतं, हा भाग वेगळा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं लिखाण पगारदारांचं कौतुक ठरेल. बसण्याचा रोग जिल्ह्यात सगळ्यांना नाही. कापूस अजून हातानंच वेचतात. पहाटे टेम्पोत उभ्यानं जाणाऱ्या बायका दिवसभर वाकून बोंडं वेचतात, कमरेला बांधलेली ओटी भरत जाते आणि संध्याकाळी वजनावर मजुरी मिळते. उन्हाळ्यात टँकरमागे धावणारी वस्ती आहे. त्यांना ‘रोज थोडं चालत जा’ असं सांगायची हिंमत कुठल्या डॉक्टरनं करू नये. त्यांचा प्रश्न बसायला मिळण्याचा आहे. कष्टाची वाटणी अशी झाली आहे की काहींना दिवसभर उठता येत नाही आणि काहींना बसता येत नाही. मी पहिल्या टोळीतला.

म्हणून मी व्यायामाच्या भानगडीत पडणं सोडलं आहे. मैदान नको, बूट नको, दहा हजार नकोत. मला काम पाहिजे. घरघंटीचा पट्टा तुटला तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. दळणाचा डबा घेऊन चक्कीत जातो. डबा हातात असला की कुणी ‘काऊन’ विचारत नाही, उलट ‘घरची कामं करते भौ’ म्हणून प्रतिष्ठा वाढते. वीजबिल मोबाइलवर भरता येतं, मी खिडकीवर जाऊन भरतो. भाजी एकदम आणत नाही. कोथिंबीर विसरतो, मग पुन्हा जातो. विसरण्याची सोय घरी मान्य व्हायला थोडा त्रास झाला. फोन आला की उठून उभा राहतो, मग आमच्याकडच्या नातेवाइकांच्या बोलण्याच्या लांबीमुळे गच्चीवर बऱ्याच चकरा होतात. जेवणानंतर शतपावली घालतो. जेवल्यावर थोडं चाललं की साखर चढायची तेवढी चढत नाही, हे आता तपासून सिद्ध झालेलं आहे, आजीला ते तपासल्याशिवाय माहीत होतं. रिपोर्टमधली साखर खाली आली आहे. फार नाही, पण डॉक्टरांनी यावेळी गोळी वाढवली नाही.

अडचण उरली आहे ती एकच, आणि ती वाचकांच्या हातात आहे. जयस्तंभ चौकाकडून संगम चौकाकडे एखादा मध्यमवयीन माणूस पायी जाताना दिसला, तर कृपा करून गाडी हळू करू नका. त्याची गाडी धड आहे, घरी भांडण झालेलं नाही, दिवाळं निघालेलं नाही आणि तो कुठल्याही वॉर्डातून उभा नाही. हात करा आणि पुढे व्हा. फारच राहवलं नाही, तर तुमच्या दळणाचा डबा त्याच्या हातात द्या.